काठमांडूच्या खोऱ्यातला धूर

आज आपल्या कार्यक्रमात आम्ही इतिहास सांगणार आहोत, पण राजा-राण्यांचा नाही, हवेचा. हवेला कसला आलाय इतिहास, असं आमच्याच गटातल्या एकीनं विचारलं. तिला म्हटलं, आधी ऐक, मग काय ते बोल.

विषय निघाला तो यात्रेवरून. गेल्या वर्षी संक्रांतीचं हळदीकुंकू आटोपलं आणि आमच्यातल्या सात जणी पशुपतीनाथाला गेल्या. कल्याणहून गोरखपूरपर्यंत गाडी, तिथून सोनौलीची हद्द ओलांडून रात्रभर बस. सकाळी बस नागढुंगाच्या खिंडीत आली आणि ड्रायव्हर म्हणाला, ते बघा काठमांडू. सगळ्या खिडकीला चिकटल्या. वर आकाश निळंभोर. खाली मात्र दुधावर साय धरावी तसा मळकट, पिवळसर थर, आणि अख्खं शहर त्याच्याखाली. एकीला वाटलं धुकं असेल. जसजशी बस उतरत गेली तसतसा डोळ्यांना चरका बसायला लागला आणि जळक्या कोळशाचा वास आला, तेव्हा कळलं की हे नुसतं धुकं नाही.

तीन दिवस मुक्काम झाला. देवाचं दर्शन छान झालं. हिमालय मात्र एकदाही दिसला नाही. इतक्या लांब जाऊन समोरची टेकडीसुद्धा दुपारी बारानंतर दिसायची. परत आल्यावर एक ताई तीन आठवडे खोकत होत्या. बैठकीत त्या म्हणाल्या, "देवानं एवढा उंच डोंगर बांधला आणि वर पडदा का टाकला?" त्यांनी चेष्टेत विचारलं, पण आम्ही ते डोक्यात ठेवलं. आमच्यातल्या एक-दोघी बी.ए.पर्यंत शिकलेल्या. तालुक्याच्या वाचनालयात बसलो, कॉलेजच्या भूगोलाच्या सरांना गाठलं. जे समजलं ते आज तुमच्यापुढे मांडतो.

काठमांडूचं खोरं म्हणजे एक मोठी कढई समजा. तळ समुद्रसपाटीपासून साधारण १,३०० ते १,३५० मीटर उंच, आणि चारी बाजूंनी डोंगरांची कड. उत्तरेला शिवपुरी २,७३२ मीटर, दक्षिणेला फुलचोकी त्याहूनही थोडा उंच. म्हणजे तळापासून कड जवळजवळ दीड किलोमीटर वर. खोऱ्यातलं सगळं पाणी बागमती नदीत येतं आणि दक्षिणेला चोभारच्या अरुंद घळीतून बाहेर पडतं. पाण्याला वाट तेवढी एकच.

तिथली जुनी कथा अशी, की पूर्वी हे खोरं म्हणजे एक मोठं तळं होतं. मंजुश्री बोधिसत्त्व आले, त्यांनी तलवारीनं चोभारचा डोंगर चिरला, पाणी वाहून गेलं आणि माणसं वस्तीला आली. आपल्याकडे परशुरामानं बाण मारून समुद्र मागे हटवला आणि कोकण वर आलं म्हणतात, तशातलीच गोष्ट. पण गंमत बघा, भूगर्भशास्त्रही तेच सांगतं की इथे एके काळी खरोखर तळं होतं. त्याच्या तळाचा गाळ आजही जमिनीखाली आहे. काठमांडूत एका भागाचं नावच कालीमाटी आहे. काळी माती! आपल्याला भाषांतर करायची गरजच नाही. ही माती विटेला चांगली. मल्ल राजांच्या काळातले तिथले वाडे, देवळं, चौक सगळे लाल विटांचे आहेत. म्हणजे वीट त्या खोऱ्याला नवी नाही. वीट पुढे या गोष्टीत परत येणार आहे, लक्षात ठेवा.

आता त्या पडद्याचं बघू. हे थोडं नीट ऐका, कारण ते आपल्या अंगणातही घडतं.

आपण डोंगर चढलो की गार वाटतं. हजार मीटर वर गेलं की हवा साधारण सहा-साडेसहा अंशांनी थंड होते. खाली गरम, वर थंड, ही रोजची रीत. गरम हवा हलकी असते, ती वर जाते, आणि चुलीचा धूर तिच्याबरोबर निघून जातो. पण थंडीच्या दिवसांत आकाश निरभ्र असलं की सूर्य मावळल्याबरोबर जमीन झपाट्यानं निवते. तिला टेकलेली हवाही निवते. थंड हवा जड. डोंगराच्या उतारावरची ही जड हवा रात्री पाण्यासारखी खाली घसरत येते आणि कढईच्या तळाशी साचते. तिच्यावर राहते ती तुलनेनं उबदार हवा. म्हणजे सगळंच उलटं झालं, खाली गार आणि वर ऊन. आता खालच्या धुराला वर जायला वाटच उरली नाही. टोपावर झाकण पडलं.

खरं वाटत नसेल तर पौष-माघात पहाटे उठून आपल्याच वस्तीकडे जरा उंचावरून बघा. चुलींचा धूर सरळ वर न जाता घरांच्या छपरांच्या थोडं वर आडवा पसरलेला दिसतो, जणू कुणी सुतानं रेघ मारली आहे. आम्ही लहानपणापासून ते बघत आलो. आजी म्हणायची, धूर आडवा झाला की थंडी वाढणार. तिनं बघितलेलं बरोबर होतं, कारण तिला कुणी सांगितलं नव्हतं एवढंच.

काठमांडूत हे झाकण सकाळी फार उंच नसतं. तळापासून दोन-तीनशे मीटरवर असावं, कधी त्याहून खाली. त्याच्या आत लाखो लोकांचा स्वयंपाक, गाड्या, जाळलेला कचरा, भट्ट्या. सकाळी आठ-नऊच्या सुमाराला, म्हणजे मुलं शाळेला आणि बाया कामाला निघतात नेमकी त्या वेळेला, हवा सगळ्यात वाईट असते. ऊन चढलं की जमीन तापते, झाकण हळूहळू वर उचललं जातं. दुपारी पश्चिमेच्या नागढुंगाच्या खिंडीतून आणि दक्षिणेच्या बागमतीच्या घळीतून वारा आत शिरतो, खोऱ्यातला धूर पूर्वेकडे ढकलतो. म्हणून आमच्या बायकांना टेकडी दुपारी दिसली! संध्याकाळी वारा पडला, चुली आणि गाड्या सुरू झाल्या, की परत तेच. शास्त्रज्ञांनी मोजून बघितलं तेव्हा दिवसाला असे दोन चढ दिसले, एक सकाळचा आणि एक संध्याकाळचा. रात्री झाकणाबरोबर वर लटकलेला थोडा धूर सकाळी पुन्हा खाली मिसळतो, म्हणजे काल टाकलेलं आज परत ताटात.

हे झालं एका दिवसाचं. वर्षाचंही तसंच चक्र आहे. जूनच्या मध्याला पाऊस लागतो तो सप्टेंबरअखेरपर्यंत. वर्षाच्या पावसातला जवळपास ऐंशी टक्के एवढ्यातच पडतो. हवा धुऊन निघते. दसरा-दिवाळीच्या सुमाराला, म्हणजे त्यांच्या दशैं-तिहारला, आकाश इतकं स्वच्छ असतं की जगभरातले लोक डोंगर बघायला तेव्हाच येतात. मग थंडी येते, पाऊस नाही, वारा नाही, झाकण दिवसाचे कितीतरी तास बसलेलं. फाल्गुन-चैत्रात डोंगरातले वणवे पेटतात, दक्षिणेच्या मैदानातली धूळ आणि धूर वाऱ्याबरोबर येतो. मग वळवाचे शिंतोडे पडले की जरा श्वास मोकळा होतो. आमच्या ताईंना आता कुणी विचारलं तर त्या सांगतात, पशुपतीनाथाला जायचं तर पाऊस संपता संपता जा.

पण थांबा. ही कढई तर हजारो वर्षांपासून आहे. थंडीही दरवर्षी येते. मग आधी लोकांना हिमालय कसा दिसायचा? इथून इतिहास सुरू होतो.

डोंगरांच्या कडेमुळे त्या खोऱ्यात बाहेरची वस्तू शिरणंच अवघड होतं. १९५६ सालापर्यंत तिथे बाहेरून येणारा गाडीरस्ता नव्हता. राणांच्या घराण्याला मोटारींची हौस होती, पण मोटार जायची कशी? माणसांच्या खांद्यावरून! भीमफेदीपासून चंद्रागिरीचा डोंगर ओलांडून साठ-साठ हमाल बांबूंच्या चौकटीवर अख्खी मोटार उचलून थानकोटला आणायचे. त्याचे फोटो आहेत. आमच्या सरांनी दाखवले तेव्हा आम्हाला आधी हसू आलं. मग लक्षात आलं की त्या हमालांचे पाय अनवाणी आहेत. १९२७ च्या सुमाराला सामान आणायला विजेवर चालणारा रोपवे बांधला होता, डोंगरावरून तारेनं धान्य, सिमेंट यायचं. म्हणजे धूर न करता माल आणायची सोय त्या खोऱ्याकडे शंभर वर्षांपूर्वी होती.

१९५६ मध्ये भारताच्या मदतीनं त्रिभुवन राजपथ झाला. रस्ता आला तो चांगल्यासाठीच, दवाखाना, शाळा, बाजार सगळं रस्त्यानंच येतं, हे आपल्याशिवाय कुणाला जास्त माहीत? पण त्या रस्त्यानं डिझेलही आलं. १९७५ मध्ये चीनच्या मदतीनं काठमांडू ते भक्तपूर तेरा किलोमीटर ट्रॉलीबस सुरू झाली, वरच्या तारेतून विजेवर चालणारी. ती पुढे देखभाल न झाल्यानं बंद पडली. रोपवेही बंद पडला.

त्याच वर्षांत चोभारला सिमेंटचा कारखाना सुरू झाला. परत चोभार! जिथून पाणी बाहेर जातं आणि दुपारचा वारा आत येतो, नेमका त्या तोंडावर. आपण घराच्या दारात वाऱ्याच्या बाजूला चूल मांडतो का? आजूबाजूच्या गावांच्या छपरांवर, भाजीच्या पानांवर धूळ बसायची. लोक वर्षानुवर्षं तक्रारी करत राहिले. कारखाना २००२ मध्ये बंद झाला. आम्हाला वाटतं, तिथे चूक करणाऱ्याला यंत्र कळत होतं, वारा कळत नव्हता. आमचं मत आहे, तुम्हाला पटलंच पाहिजे असं नाही.

माणसंही वाढली. तीन जिल्ह्यांचं ते खोरं, तिथे २०११ च्या जनगणनेत सुमारे २५ लाख लोक होते, २०२१ मध्ये ३० लाख. माणसं आली की घरं, घरं आली की विटा. खोऱ्यात शंभराच्या वर वीटभट्ट्या झाल्या. नेपाळच्या डोंगराळ जिल्ह्यांतून आणि आपल्याकडच्या बिहार-उत्तर प्रदेशातून मजूर येतात, थंडीत भट्टी लागते, पावसाआधी थांबते. हे ऐकल्यावर आमच्या बैठकीत एकदम शांतता झाली. कारण आपल्या कातकरी वाड्यांवरची किती कुटुंबं दिवाळी झाली की भट्टीवर जातात ते सगळ्यांना माहीत आहे. वीट वाळायला कोरडं ऊन लागतं. म्हणजे भट्टीचा हंगाम आणि झाकणाचा हंगाम एकच. तिथेही, इथेही. हे कुणी मुद्दाम केलेलं नाही, पण झालंय तसं.

याचा परिणाम किती झाला ते विमानतळावरच्या जुन्या नोंदींवरून कळतं. विमान उतरायचं तर किती लांबचं दिसतं हे रोज लिहावं लागतं. १९७० च्या सुमाराला हिवाळ्यात महिन्यातले २५ हून जास्त दिवस दुपारी आठ किलोमीटरपलीकडचं स्वच्छ दिसायचं. १९९० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत असे दिवस महिन्याला पाचावर आले. वीस-बावीस वर्षांत! एका बाईची मुलगी लग्नाला येईपर्यंत डोंगर दिसेनासा झाला.

आता या इतिहासातला आमच्या आवडीचा भाग. १९९० च्या आसपास खोऱ्यात विक्रम नावाचे डिझेलचे तीनचाकी टेंपो आले, आपल्याच देशात बनलेले. काळा धूर ओकत जायचे. लोक वैतागले, मोर्चे निघाले. १९९३ मध्ये अमेरिकेच्या मदतीनं एका संस्थेनं जुन्या टेंपोत बॅटरी बसवून बघितली आणि तो चालला. त्याला नाव दिलं सफा टेंपो. सफा म्हणजे साफ. पुढे काही वर्षांत असे सहाशेवर टेंपो झाले आणि १९९९ मध्ये सरकारनं डिझेलचे विक्रम खोऱ्यातून हद्दपार केले. हद्दपारच म्हणायचं, कारण मोडीत निघाले नाहीत, त्यातले पुष्कळ खोऱ्याबाहेरच्या गावांना गेले. तिथल्या बायकांनी काय केलं असेल, हे त्या कहाणीत कुणी सांगत नाही.

पण सफा टेंपो चालवायला बसल्या त्या बायका. मोठ्या संख्येनं. गिअरची कटकट कमी, आवाज नाही, ठरलेला मार्ग, संध्याकाळी घरी जाता येतं. दहा-बारा प्रवासी बसवायचे, दुपारी चार्जिंग स्टेशनवर जाऊन उतरलेली बॅटरी बदलून भरलेली लावायची, पुन्हा निघायचं. एकट्या राहिलेल्या, नवऱ्यानं टाकलेल्या, गावाकडून शहरात आलेल्या कितीतरी जणींचं घर त्या टेंपोवर चाललं. काहींनी कर्ज काढून स्वतःचा टेंपो घेतला. आपल्या सात जणी रत्नपार्कजवळ अशाच एका टेंपोत बसल्या होत्या. चालवणारी बाई पन्नाशीची, तोंडाला कापडी मास्क, कपाळाला लाल टिकली. भाडं घेताना हिंदीत म्हणाली, कुठून आलात? महाराष्ट्र ऐकल्यावर म्हणाली, माझा भाऊ मुंबईत वॉचमन आहे. मग काय, उतरेपर्यंत गप्पा.

सगळं गोडच झालं असं नाही. बॅटऱ्या म्हाताऱ्या झाल्या, नव्या महाग. नेपाळची वीज पाण्यावर बनते, पण तिथे कितीतरी वर्षं दिवसाचे कित्येक तास वीज नसायची, तेव्हा चार्जिंग करायचं कशावर? पेट्रोल-डिझेलच्या मायक्रोबस आल्या आणि प्रवासी त्यांच्याकडे वळले. तरी ते पांढरे टेंपो आजही रस्त्यावर आहेत.

चुलीबद्दल बोललं नाही तर ही गोष्ट अर्धीच राहील. नेपाळचे डॉ. मृगेंद्रराज पांडे यांनी तिथल्या डोंगराळ खेड्यांत जाऊन लोकांची छाती तपासली आणि १९८४ मध्ये त्याचा अहवाल छापून आला. बाकी जगात जुनाट खोकल्याचा आजार पुरुषांना जास्त असायचा, कारण विडी-सिगारेट तेच जास्त ओढायचे. पांडे डॉक्टरांना दिसलं की इथे बायकांनाही तो जवळजवळ पुरुषांइतकाच आहे. आणि चुलीपाशी रोज जितके तास जास्त, तितका आजार जास्त. त्यांनी बायकांना साधा प्रश्न विचारला होता, रोज किती वेळ चुलीजवळ बसता? मैत्रिणींनो, हा प्रश्न आपल्याला आजवर कुणी विचारलाय का? दवाखान्यात विचारतात तंबाखू खाता का, विडी ओढता का. नाही म्हटलं की पुढचा नंबर.

गॅस आला की चूल सुटते असंही नाही. २०१५ च्या २५ एप्रिलला मोठा भूकंप झाला, जवळपास नऊ हजार माणसं गेली, खोऱ्यातल्या भट्ट्यांची कितीतरी धुराडी कोसळली. त्याच वर्षी सप्टेंबरपासून सीमेवरची वाहतूक अडली आणि काही महिने गॅस मिळेना. सिलिंडर अर्धा भरून द्यायला लागले. शहरातल्या बायकांनी गच्चीवर तीन विटा मांडून लाकडं पेटवली, तीही ऐन थंडीत, झाकणाखाली. ज्यांना जमलं त्यांनी विजेची शेगडी घेतली. भूकंपानंतर भट्ट्या पुन्हा बांधताना एक सुधारणा मात्र झाली, विटा वेगळ्या रचून आतली गरम हवा नागमोडी फिरवायची. त्यानं कोळसा कमी लागतो, धूरही कमी निघतो. पडलेलं उभं करतानाच बदलणं सोपं गेलं असणार.

हवा मोजायलाही लोक शिकले होते. २००२ मध्ये डेन्मार्कच्या मदतीनं खोऱ्यात सहा ठिकाणी यंत्रं बसली. हवेतली बारीक धूळ अडीच मायक्रॉनची किंवा त्याहून लहान असते, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीचा तिसावा भाग धरा. ती नाकात अडकत नाही, थेट फुप्फुसात. २०२१ च्या मार्चमध्ये, थंडीत पाऊस न झाल्यानं डोंगर पेटले, धूर कढईत येऊन साचला आणि सरकारला चार दिवस शाळा बंद ठेवाव्या लागल्या. मुलांना खेळायला बाहेर पाठवू नका म्हणाले. घरात तरी चांगली हवा असते का, हा प्रश्न तिथल्या आयांनाही पडला असेल.

त्याच्या आदल्या वर्षी मात्र उलटं घडलं होतं. २०२० च्या मार्चअखेरीस कोरोनामुळे सगळं थांबलं. गाड्या नाहीत, कारखाने नाहीत, आणि वर अधूनमधून वळवाचा पाऊस. १० मेला एकानं फोटो काढला. खोऱ्यातून, दीडशेहून जास्त किलोमीटर लांबचा एव्हरेस्ट स्पष्ट दिसतोय. कित्येक वर्षांत कुणी तो तिथून पाहिला नव्हता. फोटो कुठून काढला माहीत आहे? चोभारहून. त्या बंद पडलेल्या कारखान्याच्या गावातून.

आमच्या ताईंना तो फोटो मोबाईलवर दाखवला. त्यांनी चष्मा पुसला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "म्हणजे तो तिथेच होता."

आता हे सगळं आम्ही का शोधत बसलो, तेही सांगतो. आमचं गाव कर्जत तालुक्यात, तीन बाजूंनी डोंगर, एका बाजूला ओढा उतरतो. ओढ्याच्या वरच्या अंगाला, अंगणवाडीपासून हाकेच्या अंतरावर, यंदा नवी वीटभट्टी लागणार असं कळलं. जागा सोयीची आहे, पाणी जवळ, रस्ता जवळ. काठमांडूची गोष्ट कळल्यावर आमच्या गटानं ठरवलं, आपणच बघू वारा कुठे जातो. माघ महिन्यात आठ दिवस आम्ही तीन ठिकाणी घमेल्यात ओल्या गोवऱ्या पेटवून ठेवल्या. सकाळी साडेसहा, दुपारी बारा, संध्याकाळी पाच आणि रात्री साडेसात, अशा चार वेळा. धूर वर जातो की आडवा, आडवा गेला तर कुठल्या दिशेला, ते बचतीच्या जुन्या वहीच्या मागच्या पानांवर लिहिलं. पोरांनी खूप मजा केली, आणि एका सासूबाईंनी गोवऱ्या फुकट घालवल्या म्हणून बोलून घेतलं, ते वेगळं.

दुपारी ओढ्याकडचा धूर डोंगराकडे निघून जायचा. पण सूर्य मावळला की आठपैकी सात दिवस तो ओढ्याच्या पाण्याबरोबर उतरावा तसा थेट वस्तीत यायचा आणि सकाळी ऊन पडेपर्यंत हलायचा नाही. गावाच्या खालच्या अंगाला, माळावर ठेवलेल्या घमेल्याचा धूर वस्तीकडे एकदाच आला.

वही घेऊन आम्ही सरपंचबाईंकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. भट्टी नको असं आम्ही म्हटलं नाही, खालच्या माळावर लावा म्हटलं. भट्टीवाले म्हणतात तिथे पाणी न्यायला पाइप टाकावा लागेल, खर्च कोण करणार? आणि खरं सांगायचं तर आमच्या गटातल्या दोघींच्या घरी त्याच भट्टीची उचल आलेली आहे. एकीची लेक आजारी असताना त्या पैशांनी औषधं आली. ती बैठकीत म्हणाली, तुमचा धूर महत्त्वाचा आहे, पण माझं काम गेलं तर उचल फेडू कशी? तिला आमच्याकडे लगेच उत्तर नव्हतं. पाइपाला किती खर्च येईल याचा अंदाज आम्ही दुकानातून काढून आणलाय, आणि गटाच्या अंतर्गत कर्जातून तिची उचल फेडता येईल का हे वहीत मांडून बघतोय. तिनं अजून हो म्हटलेलं नाही.

ग्रामसभा पुढच्या महिन्यात आहे. धुराची वही तिथे वाचून दाखवायची, असं ठरलंय. वाचणार आहेत त्या काठमांडूहून खोकत आलेल्या ताई, कारण रात्री साडेसातच्या नोंदी थंडीत उभं राहून त्यांनीच घेतल्या होत्या.